कागदावरच्या दोन फेऱ्या

बोट पाण्यात असली की तिचा पंखा कुणाला दिसत नाही. पण दरसाल महिनाभर बोट उतारावर ओढून ठेवायची, खरवडायची, रंगवायची, आणि त्या महिन्यात पंखा माझ्या ओसरीवर असायचा. तीन पात्यांचा, पितळेचा, दोन माणसांनी उचलावा असा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिलं काम हेच दिलं होतं. म्हणाल्या होत्या, "भांडी कुणीही घासेल. हा घास, म्हणजे घर कशावर चालतं ते हाताला कळेल."

त्याला आता पन्नास वर्षं होतील. हाताला कळलेलं अजून विसरलेलं नाही.

हे तांडेल होते. बोटीचं चाक यांच्या हातात आणि मागे पाच खलाशी. बोट उतारावरून पाण्यात गेली की पहिल्या दिवशी मासे धरायला जायचं नाही, असा यांच्या वडिलांपासूनचा नेम. त्या दिवशी बंदराच्या तोंडाशी, संथ पाण्यात, दोन सावकाश फेऱ्या घ्यायच्या. एक उजवीकडून, एक डावीकडून. दीपस्तंभ समोर आला की हे होकायंत्राचा आकडा मोठ्याने सांगायचे आणि तो मी वहीत लिहायची. बोटीवर नवीन खिळा मारला, लोखंडी पिंप हलवलं, तरी होकायंत्राची सुई जराशी सरकते. किती सरकली ते या फेऱ्यांत कळायचं. दुसऱ्या बोटींवरचे हसायचे. म्हणायचे, "तांडेल बायकोला फिरवून आणतोय." हे म्हणायचे, "मग तुम्हीही फिरवा की. तेवढीच घरात शांतता."

केबिनमध्ये रडारचा एक जुना पडदा होता. पेटीएवढा, हिरव्या उजेडाचा. मुलगा माझ्या पोटात असताना घेतलेला. एक बटण तुटलं होतं, तिथे पेस्टच्या ट्यूबचं झाकण बसवलेलं. एवढं सोडलं तर त्याची कधी तक्रार नव्हती.

मी सांगते त्या वर्षी बोट उतारावर असतानाच बंदर कचेरीची नोटीस आली. प्रत्येक बोटीच्या पडद्याला जीपीएस आणि दिशा सांगणारी डबी जोडलेली हवी. डबी विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने ती तपासून शिक्का मारायचा. शिक्का नसेल ती बोट बाहेर सोडणार नाहीत.

कंपनीचा माणूस आला. तिशीचा असेल. खिशाला तीन पेनं, हातात कातडी बॅग. केबिनमध्ये वाकून त्याने पडदा पाहिला, झाकणाचं बटण पाहिलं आणि हसला.

"काका, हा पडदा देऊन टाका कुठल्यातरी संग्रहालयात. नव्या डबीचं बोलणं याला कळणार नाही. सगळंच नवीन घ्या."

"चाळीस वर्षं कळतंय त्याला," हे म्हणाले.

"माणसाचं वेगळं असतं, काका. यंत्र म्हातारं झालं की काढून टाकतात."

यांचं वय तेव्हा बासष्ट.

माझी सून बाजारात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. मुलगा मोठ्या जहाजावर, वर्षातले दोन महिने घरी. बाकीचे दहा महिने घरात आम्ही तिघं. ती संध्याकाळी आली, हातपाय धुतले, आणि जेवण होईपर्यंत पडद्याचं जुनं पुस्तक मांडीवर घेऊन बसली. पुस्तकाला वाळवी लागली होती तरी मधली पानं शाबूत होती.

"बाबा, हा ऐकतो," ती म्हणाली. "फक्त सावकाश ऐकतो. नवी डबी भरभर बोलते. तिला हळू बोलायला लावलं की झालं."

"म्हणजे आपल्या घरासारखंच," हे म्हणाले. "तू भरभर, मी सावकाश."

"तुम्हाला ऐकू येतं, बाबा. तुम्ही मुद्दाम उत्तर देत नाही."

तीन दिवस ती कामावरून परस्पर उतारावर जात होती. शिडी लावून केबिनमध्ये चढायची. मी खालून कंदील धरायची, बोटीला रंग लावता लावता. जीपीएसची छत्री तिने छपरावर बसवली. दिशेची डबी केबिनच्या आढ्याला, लाकडावर, लोखंडापासून हातभर लांब. मला म्हणाली, "आई, छत्री सांगते आपण कुठे उभे आहोत. डबी सांगते आपलं नाक कुठे आहे. दोन्ही लागतात." तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा काहीच दिसेना. तिने दोन तारांची अदलाबदल केली आणि हिरव्या पडद्यावर खाली आकडे उमटले. ती तिथेच पाय पसरून बसली. बोटं तारेने सोलवटलेली होती. मी खोबरेल लावून दिलं.

कंपनीच्या माणसाला निरोप धाडला. शिक्का तरी त्याचाच हवा.

तो सोमवार होता. मला सोमवार आठवतो त्याला कारण आहे. तो आधी घरी आला, यांना बोलवायला, आणि ओसरीवर ठेवलेल्या पंख्याला अडखळला. पात्याची कड लागून पँट गुडघ्याखाली टरकन फाटली, नडगीला खरचटलं. मी हळद लावली. आता असा कचेरीत कसा जाणार, म्हणून त्याला लुंगी दिली आणि पँट शिवून दिली. घरात तेवढ्यात दुसरा दोरा सापडेना, म्हणून जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने. तो लुंगी नेसून, पंख्याशेजारी बसून चहा पीत होता.

"हे काय आहे, मावशी?"

"बोटीचा पंखा. हा फिरतो तेव्हा बोट पुढे जाते."

"मला वाटलं, देवाबिवाचं काहीतरी आहे. एवढं घासता म्हणून."

मग तो उतारावर गेला. पडद्यावर आकडे बघून त्याचा चेहरा जरा उतरला. तारा कुणी जोडल्या विचारलं. सुनेने जोडल्या म्हटल्यावर "अच्छा" म्हणाला आणि डबी आढ्यावरून काढायला लावली.

"तार लोंबतेय. बरं दिसत नाही. इथे खाली घ्या, चाकाजवळ."

सून त्या दिवशी कामावरून लवकर आली होती. ती म्हणाली, "तिथे वायरलेसचा भोंगा आहे. आत लोहचुंबक असतो. आणि डबीच्या पुस्तकात लिहिलंय, बसवल्यावर पाण्यात दोन फेऱ्या घ्यायच्या, म्हणजे डबीला आजूबाजूचं लोखंड ओळखू येतं."

"पुस्तकं मीही वाचतो, ताई. ही डबी कारखान्यातूनच शिकून येते." मग यांच्याकडे वळून, "आणि काका, तुम्ही त्या जुन्या पद्धतीच्या फेऱ्याबिऱ्या घेऊ नका बरं का. शिकलेलं सगळं विसरेल ती. मग शिक्का गेला."

त्याने डबी भोंग्याशेजारी बसवली, वरून कागदी सील चिकटवलं, पडद्यावर शिक्का डकवला आणि कागद परस्पर कचेरीत देतो म्हणून गेला.

पुढच्या शुक्रवारी पंखा बसवला, शनिवारी बोट पाण्यात गेली. त्या दिवशी फेऱ्या झाल्या नाहीत. मी वही घेऊन धक्क्यावर गेले होते. हे म्हणाले, "राहू दे. शिक्का जाईल." पन्नास वर्षांच्या त्या वहीत एकच पान कोरं आहे.

बाराव्या दिवशी पहाटे धुकं पडलं. बोट परत येत होती. आमच्या बंदराच्या तोंडाशी एक खडक आहे. भरतीला पाण्याखाली जातो, रडारला दिसत नाही, म्हणून त्याची खूण नव्या जीपीएसमध्ये भरून ठेवलेली, ती पडद्यावर उमटायची. वेग अगदी कमी केला होता. पडद्यावर खडक डाव्या हाताला दाखवत होता. होकायंत्राच्या हिशेबाने तो उजव्या हाताला असायला हवा होता. दोघांतलं एक खोटं बोलत होतं. एकावर कंपनीचा शिक्का होता.

यांनी बोट उजवीकडे घेतली.

मी धक्क्यावर होते. धुक्यातून आवाज आला, मोठं दार करकरत उघडावं तसा. मग माणसांची ओरड. दुसऱ्या बोटींनी जाऊन सगळ्यांना आणलं. पाचांतल्या म्हाताऱ्या खलाशाच्या दोन बरगड्या मोडल्या, यांची हनुवटी फुटली, बोटीच्या नाकाच्या चार फळ्या गेल्या. जीव कुणाचा गेला नाही. बोट ओढून पुन्हा उतारावर आणली. पंख्याचं एक पातं वाकलं होतं. तो परत माझ्या ओसरीवर आला.

हे घरी येऊन एवढंच बोलले, "मी होकायंत्राला खोटं ठरवलं." नंतर दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी कचेरीत बोलावणं आलं. मी आणि सून बरोबर गेलो. साहेब आमच्या मुलाच्या वयाचा. मान वर न करता म्हणाला, "टोपी काढ. दारावर लिहिलंय, वाचता येत नाही का?"

यांनी टोपी काढली. डोक्यावर केस कमी, आणि उन्हाने रापलेल्या कपाळाच्या वर टोपीने झाकलेलं पांढरं कातडं. त्या पांढऱ्या कातड्याकडे माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. आता चार कारकून पाहत होते.

साहेबाने फाईल उघडली. "कंपनीने डबी नीट बसवून तपासली आहे, तसा कागद आहे. म्हणजे एक तर तुझे डोळे गेलेत, नाही तर नंतर कुणी तारा हलवल्या. तारा कुणी जोडल्या होत्या?"

"सुनेने," हे म्हणाले.

साहेबाने लिहून घेतलं, मोठ्याने म्हणत: "घरातील अप्रशिक्षित व्यक्तीने."

सून म्हणाली, "साहेब, डबी मी वर बसवली होती. कंपनीच्या माणसाने खाली आणली."

"तुम्हाला विचारलं की बोला."

मग भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला. यांना रेघेवर उभं केलं. एक डोळा झाकून वाच. दुसरा झाकून वाच. यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "पुन्हा वाच, पाठ केलं असशील." पुन्हा वाचलं, या वेळी उलटीकडून. एक कारकून हसला. तांडेल म्हणून ज्याच्या मागे धुक्यात इतर बोटी लागायच्या, तो माणूस शाळेतल्या पोरासारखा डोळ्यावर हात धरून उभा होता, आणि टाक्यांवरची पट्टी हनुवटीवर सुटत होती. मी खाली मान घालून फरशीच्या चौकटी मोजत होते. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं सांगता येत नाही.

दाखला काढून घेतला. चाक धरायचा दाखला. पंधरा दिवसांनी निकाल, तोवर बोटीत पाय ठेवायचा नाही. निकाल उलटा गेला तर कायमचाच गेला. कंपनीच्या कागदाची एक प्रत हातात दिली.

घरी आलो. हे पुन्हा भिंतीकडे वळले. सून चुलीपाशी पाटावर बसून कागद वाचत होती, मी पीठ मळत होते.

"आई, ऐका तर काय लिहिलंय. डबी योग्य जागी बसवली. पडद्याला जोडून आकडे तपासले. बोट पाण्यात नेऊन दोन पूर्ण फेऱ्या घेतल्या, फरक आढळला नाही."

"कधी घेतल्या म्हणतो?"

"त्याच दिवशी. सोमवारी."

माझे हात पिठात थांबले. ओसरीवर पंखा होता तिकडे मी पाहिलं. सुनेनेही पाहिलं. आम्ही दोघी एकदमच हसायला लागलो, आणि मग मला असा राग आला की परातीत मूठ आपटली, पीठ भिंतीपर्यंत उडालं. एका माणसाने आळसाने एक ओळ लिहिली होती. कचेरीत त्याला कुणी खोटं म्हटलं नव्हतं. आणि ज्याने चाळीस वर्षं एकही फेरी चुकवली नाही, त्याला एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावलं होतं.

हे आतून म्हणाले, "कशाला हसता गं?"

"उठा," मी म्हटलं. "पंधरा दिवस थांबायचं नाही. दाढी करा, टाके सांभाळून."

दुसऱ्या दिवशी साहेबाने आम्हाला तासभर बाकावर बसवलं. आत बोलावलं तेव्हा कंपनीचा माणूस तिथेच होता. दुसऱ्या बोटींचे कागद घेऊन आलेला. बरंच झालं.

मी म्हटलं, "साहेब, या कागदात दोन फेऱ्या घेतल्या म्हणून लिहिलंय. कशाने घेतल्या ते विचारा यांना."

"कशाने म्हणजे? बोटीने," तो म्हणाला.

"त्या दिवशी बोटीला पंखा नव्हता."

"मावशी, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. वार आठवत नसेल."

"पंखा माझ्या ओसरीवर होता. तुम्ही त्याच्याशेजारी बसून चहा प्यायलात. लुंगी नेसून."

मागे कारकुनांत खसखस झाली. तो म्हणाला, "मी कुठे..." आणि त्याचा हात खाली गेला, उजव्या नडगीवर. लगेच वर घेतला. पण साहेबाने पाहिलं होतं.

"जखम भरली का?" मी विचारलं. "हळद लावली होती मी. पँट निळ्या दोऱ्याने शिवली आहे. घरी असेल, नाही तर टाकून दिली असेल. आम्ही ते दोरे जाळ्याला वापरतो, शंभर किलो मासळी पेलतात."

साहेबाने फोन उचलला. उताराच्या रखवालदाराकडे बोट कधी चढली, कधी उतरली याची नोंद असते. आम्ही उभे होतो, फोनमधून रखवालदाराचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, कारण त्याला कमी ऐकू येतं आणि तो ओरडून बोलतो. बोट महिनाभर वर होती. पंखा शुक्रवारी लागला. शनिवारी पाण्यात गेली.

फोन ठेवल्यावर साहेब बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसला. मग म्हणाला, "ठीक आहे. दाखला परत देतो. विषय संपला." ड्रॉवरमधून दाखला काढून त्याने एका बोटाने टेबलावरून पुढे सरकवला.

यांनी तो उचलला नाही.

"आता काय?" साहेब म्हणाला.

"म्हाताऱ्याच्या बरगड्या मोडल्यात," हे म्हणाले. खूप दिवसांनी यांचा नेहमीचा आवाज ऐकला. "तो मला विचारतो, तांडेल, चूक कुणाची. त्याला मी काय सांगू, विषय संपला?"

"अहो, पण मी आणखी काय करायला हवं?"

पहिल्यांदा 'अहो' म्हणाला.

"या माणसाने लिहिलेल्या फेऱ्या याला घ्यायला लावा. माझ्या बोटीत बसून. आणि माझ्या सुनेबद्दल जे लिहिलंय ते खोडा."

साहेबाने फाईल उघडली. 'अप्रशिक्षित' शब्दावर एक रेघ मारली. अगदी बारीक, शब्द अजून वाचता येत होता. सून पुढे झाली, त्याच्या हातातलं पेन मागितलं आणि त्याच रेघेवरून पुन्हा तीनदा गिरवलं. मग पेन परत दिलं आणि म्हणाली, "आभारी आहे."

माफी कुणी मागितली नाही. मी वाट पाहिली, दारापर्यंत जाईपर्यंत. अजूनही पाहते म्हटलं तरी चालेल.

फळ्या बसायला तीन आठवडे लागले. वाकलेलं पातं यांनी आणि लोहाराने मिळून सरळ केलं, मी घासलं. सुनेने डबी पुन्हा आढ्याला लावली, तार लोंबती ठेवून. बोट पाण्यात उतरली त्या दिवशी कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. कुणी त्याच्याशी वाईट बोललं नाही. छातीला पट्टा बांधलेल्या म्हाताऱ्या खलाशाने हाताने त्याला बसायला पिंप दाखवलं, आणि मग म्हणाला, "तिथे नको, लोखंडी आहे. डबी बिघडेल. तुम्ही उभेच राहा."

हवा स्वच्छ होती. उजवीकडून एक फेरी, अगदी सावकाश, बैलाने घाण्याभोवती फिरावं तशी. पडद्यावर दिशेचा आकडा एकेक करून बदलत होता. दीपस्तंभ समोर आला की हे होकायंत्राचा आकडा सांगत, सून पडद्याचा सांगे, मी लिहीत होते. मग डावीकडून. दुसरी फेरी पुरी झाली तेव्हा दोन्ही आकडे दोन अंशांच्या आत आले. कंपनीच्या माणसाने कागदावर खूण केली. सुनेने विचारलं, "आता शिकली का डबी?" तो "हो, ताई," म्हणाला.

परत येताना बंदराचं तोंड ओलांडलं तेव्हा हे चाक धरून किनाऱ्याकडे पाहत होते. कचेरी लांब, पांढऱ्या ठिपक्याएवढी. मला तिचं दारही दिसत नव्हतं.

"पाटी नवीन रंगवली वाटतं," हे म्हणाले.

"कोणती पाटी?"

"कचेरीच्या दारावरची. खालची ओळ." डोळे बारीक करून, शब्द सुटा सुटा करत यांनी वाचलं, "आत, येताना, टोपी, काढावी."

मग चाकावरचा एक हात सोडून यांनी टोपी कपाळावर आणखी खाली ओढली आणि बोट धक्क्याला लावली.